बर्फ, गाळ आणि लोखंडाचें पातें

गेल्या पौषांतील गोष्ट. दहिसरला आमच्या घरीं रात्रीचीं जेवणें नुकतींच आटोपलीं होतीं आणि धाकट्या भावजयीनें सुपारीचा डबा पुढें सरकविला होता, इतक्यांत कन्येचा अमेरिकेहून फोन आला. तिचें बिऱ्हाड न्यूयॉर्क संस्थानांतील सिराक्यूज शहराच्या बाहेर आहे. हल्लींच्या फोनांत बोलणारें माणूस दिसतेंहि, त्यामुळें घरांतील बायकामुलें त्याच्याभोंवतीं दाटी करतात. त्या रात्रीं मात्र पडद्यावर कन्या नव्हती, नातवंडेंहि नव्हतीं. होता तो एका लोखंडी खोऱ्याचा झिजलेला कांठ. आमचे जांवईबापू हातमोजा घातलेल्या बोटानें तो कांठ दाखवीत होते आणि माझ्या पुतण्याला हांक मारीत होते.

ट्रॅक्टरच्या पुढें दोन लोखंडी बाहूंवर एक रुंद खोरें बसविलेलें असतें. माती, खडी, शेण, बर्फ, जें असेल तें त्यांत भरून उचलावयाचें आणि दुसरीकडे टाकावयाचें. त्या खोऱ्यास बकेट म्हणतात. आमच्याकडील नाल्यांतून गाळ काढणारे चालकहि त्यास बकेटच म्हणतात, म्हणून मीहि तोच शब्द वापरतों. उगाच नवा संस्कृत शब्द घडवून वाचकांस अडवीत नाहीं.

सिराक्यूज हें ऑन्टॅरिओ सरोवराच्या दक्षिणेस आहे. थंड वारा त्या विस्तीर्ण पाण्यावरून येतांना बाष्प उचलतो आणि जमिनीवर पोंचतांच तें हिमरूपानें टाकून देतो. तेथें वर्षास सरासरीनें सव्वाशे इंच, म्हणजे दहा फुटांहून अधिक, बर्फ पडतो. जांवईबापूंच्या घरापासून सरकारी रस्त्यापर्यंत शंभर-सव्वाशें यार्डांची स्वतःची खडीची वाट आहे. सरकारी रस्ता सरकार मोकळा करतें. ही वाट ज्याची त्यानें मोकळी करावयाची. दोन वर्षांपूर्वीं धाकट्या नातवास मध्यरात्रीं ताप भरला, फिट आली, आणि बाहेर कमरेएवढा बर्फ. दोघांनीं फावड्यांनीं वाट काढीपर्यंत दोन तास गेले. मूल वांचलें, पण ते दोन तास माझी मुलगी विसरलेली नाहीं. त्यानंतर त्यांनीं एक लहानसा जुना ट्रॅक्टर बकेटीसह विकत घेतला. तेव्हां पडद्यावर दिसणारा तो झिजलेला कांठ हा त्या घरांत कांहीं हौसेचा विषय नव्हता.

आमच्या घरांतील सर्वांत वडील माणूस म्हणजे माझी आत्या. तिचें वय चौऱ्यांशीं. तिनें चष्मा पुसून तो कांठ पाहिला आणि विचारलें, “अरे, बर्फ म्हणजे पाणीच ना? पाण्यानें लोखंड कसें झिजलें?”

पोरें हंसलीं, पण प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. पुतण्यानेंच तिला उत्तर दिलें. “आजी, बर्फानें नाहीं झिजलें तें. बर्फाखालच्या वाटेनें झिजलें.” मग फोनकडे वळून, “भाऊजी, बकेट अशी समोरून दाखवूं नका. तिचा तळ दाखवा. आणि दोन्ही कोपरे.”

तळ पाहतांच त्यानें ‘च्’ केलें. मधला भाग त्या मानानें बरा होता. दोन्ही कोपरे मात्र वापरलेल्या खडूसारखे गोल झाले होते आणि तळाची मागची बाजू आरशासारखी चकाकत होती.

ज्याच्या-त्याच्या कठीणपणाचा हिशेब फ्रीड्रिख मोस ह्या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं मांडून ठेविला आहे. दहा पदार्थांची त्याची एक पायरी आहे. वरचा पदार्थ खालच्यास ओरखडतो, एवढाच तिचा नियम. संगजिरें सर्वांत खालीं, पहिल्या पायरीवर; हिरा दहाव्या. शून्य अंशाजवळचा बर्फ दीड पायरीवर असतो, नखानें खरवडला जातो. थंडी वाढली कीं तोहि कठीण होतो आणि शून्याखालीं सत्तर अंशांवर सहाव्या पायरीपर्यंत चढतो म्हणतात. परंतु अशी थंडी सिराक्यूजला नसते. साधें लोखंड चौथ्या-पांचव्या पायरीवर. वाळूंत जी चकचकीत गार असते ती सातव्या. आतां पाहा, बर्फ लोखंडास ओरखडूं शकत नाहीं, पण बर्फाच्या थराखालीं खडी आहे, वाळू आहे, सिमेंट आहे, आणि बकेटीचा कांठ त्यांवरून दररोज घांसला जात आहे. बर्फ हा नुसता वरचा साक्षीदार. त्यांत तेथें रस्त्यांवर खडेमीठ टाकतात. तें चाकांबरोबर वाटेवर येतें आणि घासून उघड्या पडलेल्या लोखंडास एका रात्रींत तांबेरा चढवितें. दुसऱ्या दिवशीं तो तांबेरा घासला जातो आणि खालचें नवें लोखंड उघडें पडतें. आमच्या देवघरांतील सहाण तीन पिढ्यांची आहे. तिच्या मध्यभागीं पळीभर पाणी राहील एवढा खळगा पडला आहे. चंदनासारख्या मऊ लांकडानें दगड खणला, असें मीं लहानपणीं समजत होतों. खरें पाहतां चंदनाबरोबर आलेली धूळहि त्या कामांत सामील असावी.

पुतण्यानें विचारलें, “भाऊजी, कांठाला वेगळें पातें लावलेलें नाहीं?” जांवईबापूंनीं गोंधळून सांगितलें कीं बकेट घेतली तशीच आहे. म्हणजे जी वस्तु जन्मभर टिकावयाची तीच जमिनीवर घासत होती. येथें सगळी गोम होती.

ही गोम नवी नाहीं, आणि तिच्यावरील तोडगाहि नवा नाहीं. बैलगाडीचें चाक बाभळीचें. सुतारानें महिनाभर खपून केलेलें. तें रस्त्यावर घासूं नये म्हणून त्यावर लोखंडाची धांव चढवितात. धांव झिजली कीं लोहार नवी तापवून चढवितो, चाक तेंच. बैलाच्या खुरास पत्री, घोड्याच्या टापेस नाल, म्हाताऱ्याच्या काठीस शेंबी, नांगरास फाळ. प्रत्येक ठिकाणीं युक्ति एकच आहे: जमिनीस लागणारा तुकडा निराळा करावा, स्वस्त करावा, आणि सहज बदलतां येईल असा करावा. मी शाळेंत असतांना हीं सर्व उदाहरणें मुलांच्या घरीं होतीं. दहिसरांत आतां धांव कशास म्हणतात हें सांगणारा मुलगा सांपडणें कठीण.

फाळाचा विषय निघाला म्हणून सांगतों. इंग्लंडांतील इप्सविचचा रॉबर्ट रॅन्सम ह्यानें १८०३ सालीं ओतीव लोखंडाच्या फाळाची खालची बाजू झटकन थंड करून अधिक कठीण करण्याची कृति काढली. वरची बाजू मऊ, खालची कठीण. त्यामुळें मऊ बाजू आधीं झिजते आणि फाळास चालतां-चालतांच धार येत राहते. झिजणें थांबवितां येत नाहीं, तर तेंच कामास लावावें, असा तो शहाणपणा. बरोबर शंभर वर्षांनीं, १९०३ मध्यें, आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन विषारी होते अशा समजुतीनें शेतकरी प्रथम त्याला हात लावीनात, ही गोष्ट वाचकांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, आणि त्याच नांगरांच्या कारखान्यांतून १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ निघून तिचें पुढें घरोघर वाचलें जाणारें मासिक झालें. आपल्या वाचनाचें मूळ अशा रीतीनें फाळाशीं जाऊन भिडतें, हें मला नेहमीं गमतीचें वाटत आलें आहे.

बकेटीचें पातें ज्या खिळ्यांनीं बसवितात, त्यांस इंग्रजींत आजहि ‘प्लाऊ बोल्ट’, म्हणजे नांगराचे बोल्ट, असेंच नांव आहे. त्यांचें डोकें चपटें व निमुळतें असून पात्याच्या छिद्रांत पूर्ण बुडतें. डोक्याखालीं मान चौकोनी असते आणि ती चौकोनी भोंकांत अडकून बोल्टास फिरूं देत नाहीं. वर कांहीं डोकावत नसल्यामुळें मातीस किंवा बर्फास अडथळा होत नाहीं. नांगर गेला, ट्रॅक्टर आला, तरी खिळा आपलें नांव टाकावयास तयार नाहीं.

आतां पुतण्याला हें सर्व कोठून ठाऊक, तें सांगितलें पाहिजे. कारण त्या ज्ञानाची किंमत आमच्या घरानें भरलेली आहे.

आमचें घर दहिसर नदीपासून फार लांब नाहीं. ही नदी राष्ट्रीय उद्यानांतील तुळशी तलावाकडून निघते आणि सुमारें बारा किलोमीटर वाहून खाडीस मिळते. उन्हाळ्यांत तिला नदी म्हणावें कीं नाला, हा प्रश्नच असतो. २६ जुलै २००५ रोजीं मात्र तिनें आपलें नदीपण सिद्ध केलें. त्या चोवीस तासांत सांताक्रुझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या तळमजल्यावर छातीएवढें पाणी होतें. वडिलांच्या पोथ्यांची पेटी आणि आत्याला घेऊन आम्ही माळ्यावर बसलों होतों. पुतण्या तेव्हां नऊ वर्षांचा. पाणी ओसरल्यावर दाराशीं आलेला गाळ पाहून त्यानें मला विचारलें होतें, “काका, हा नदींतून आधींच कां नाहीं काढला?” मीं त्यास काय उत्तर दिलें तें आठवत नाहीं, बहुधा कांहीं दिलें नसावें.

मोठा होऊन त्यानें यंत्राची पदविका घेतली, तीन वर्षें नोकरी केली, आणि एके दिवशीं घरांत सांगितलें कीं नोकरी सोडून जुना लोडर घ्यावयाचा आहे. ज्याला लोक, कोणत्याहि कारखान्याचा असला तरी, जेसीबी म्हणतात तसला. पावसाळ्यापूर्वीं महानगरपालिका नद्या-नाल्यांतील गाळ काढवून घेते, त्या कामावर तो लावावयाचा. घरांत चार दिवस कोणी कोणाशीं धड बोललें नाहीं. आत्या म्हणाली, “पोथ्या वांचविल्या त्या घरांतला मुलगा गाळ उपसणार!” माझा धाकटा भाऊ गप्प राहिला. मीहि, खरें सांगावयाचें तर, आत्याच्याच बाजूचा होतों. मुलांना श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहावयास सांगणें निराळें. अखेर त्याच्या आईनें आपल्या पाटल्या काढून टेबलावर ठेविल्या. त्या गहाण ठेवून आणि वर बँकेचें कर्ज काढून यंत्र आलें.

पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या हंगामांत एका ठेकेदाराच्या हाताखालीं काम मिळालें. तें पुष्कळसें सिमेंटच्या तळावरचें आणि काळ्या खडकावरचें. आपला काळा पाषाण हा अग्निजन्य. त्यांतील खनिजें साध्या लोखंडाहून कठीण. बकेटीचें पातें झपाट्यानें झिजूं लागलें. तें दोन धारांचें असतें: एक बाजू झिजली कीं बोल्ट काढून उलटें करून बसवावयाचें, म्हणजे दुसरी धार पुढें येते. पुतण्यास हें माहीत होतें. परंतु तसें करण्यास अर्धा दिवस मोडतो, आणि मे महिन्यांतला अर्धा दिवस म्हणजे भरलेल्या गाळाच्या किती तरी गाड्या. “हा आठवडा जाऊं दे,” असें तो दोन आठवडे म्हणत राहिला. पातें संपलें, पुढें बकेटीचा मूळ ओठ घासूं लागला. बोल्टांचीं डोकींहि घासून गेलीं. चौकोनी मानेस धरावयास कांहीं उरलें नाहीं. नट फिरवावा तर बोल्टहि बरोबर फिरूं लागला. शेवटीं ते सर्व गॅसनें कापावे लागले. तोंवर एका कोपऱ्यांत तळाचा पत्रा कागदासारखा होऊन उघडला होता. ऐन हंगामांत यंत्र बारा दिवस वर्कशॉपमध्यें उभें राहिलें. ठेकेदारानें काम दुसऱ्यास दिलें, आणि त्यांत त्याचें कांहीं चुकलें असें मी म्हणणार नाहीं. दोन हप्ते थकले. पाटल्या सुटावयाच्या होत्या त्याच्या एक वर्ष नंतर सुटल्या. एका पात्याची किंमत ती काय!

ह्या बारा दिवसांत आत्यानें त्याला एक शब्द बोलून दाखविला नाहीं. ती रोज त्याचा डबा स्वतः भरून वर्कशॉपवर पाठवीत असे. तेव्हांपासून आमच्या घरांत गाळाविषयीं कोणी नाक मुरडलेलें मीं पाहिलेलें नाहीं.

तेव्हां पुतण्यानें जांवईबापूंस जें सांगितलें तें अनुभवाचें होतें. मला समजावें म्हणून त्यानें मागाहून एक सूत्र दाखविलें. १९५३ सालीं आर्चर्ड ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें तें मांडलें: घासल्यानें जी झीज होते ती वरून पडणाऱ्या भाराच्या आणि घासलेल्या अंतराच्या समप्रमाणांत, व झिजणाऱ्या वस्तूच्या काठिण्याच्या व्यस्त प्रमाणांत असते. पाणिनीच्या तोडीची ही आटोपशीर मांडणी आहे. वाट शंभर यार्डांची आहे ती कांहीं आंखूड होत नाहीं. म्हणजे अंतर आपल्या हातीं नाहीं. हातीं दोनच गोष्टी: पातें कठीण निवडावें आणि भार कमी ठेवावा.

पात्याचा कठीणपणा ब्रिनेल ह्या स्वीडिश अभियंत्याच्या रीतीनें मोजतात. एक कठीण गोळी ठराविक वजनानें धातूवर दाबावयाची आणि पडलेला खळगा मोजावयाचा. साध्या पोलादाचा आंकडा सव्वाशेच्या आसपास येतो. झीज सोसण्याकरितां मुद्दाम तयार केलेल्या पोलादाचा चारशें किंवा पांचशें. बकेटीस असलें पातें लावावें, तें दोन धारांचें असावें, आणि बोल्टांनीं बसवावें. जांवईबापूंच्या मनांत तें सांधून, म्हणजे वेल्डिंगनें, कायमचें जोडण्याचें होतें. शेजारीं कोणाकडे यंत्र होतें. पुतण्यानें हट्टानें नाहीं म्हटलें. जोडलेलें पातें उलटतां येत नाहीं, आणि कठीण केलेलें पोलाद सांध्याच्या उष्णतेनें त्या जागीं मऊ पडतें, नीट तापवून न सांधल्यास तडकतेंहि. बोल्ट बसविल्यावर पहिल्या कामानंतर पुन्हां आंवळावेत, कारण नवें पातें बसतांना थोडें सरकतें. आणि उलटण्याची वेळ कोणती? पात्याचा झिजलेला कांठ बकेटीच्या ओठापासून एका बोटावर आला कीं त्याच दिवशीं. “त्याच दिवशीं, भाऊजी,” हें तो दोनदां म्हणाला. आम्ही सर्वजण दुसरीकडे पाहूं लागलों.

भाराची गोष्ट चालविण्याची आहे. बर्फ चांगला निघावा म्हणून नवशिका चालक बकेट जमिनीवर दाबतो. इतकी कीं ट्रॅक्टरचीं पुढचीं चाकें उचललीं जातात. ट्रॅक्टरच्या पुढच्या अंगाचा निम्माशिम्मा भार पात्यावर येतो, झीज त्याच प्रमाणांत वाढते, आणि चाकें अधर असल्यामुळें ट्रॅक्टर वळविला तरी वळत नाहीं. लोडरच्या दांड्यास वर व खालीं ह्यांखेरीज पुष्कळ ट्रॅक्टरांत आणखी एक जागा असते, तिला फ्लोट म्हणतात. दांडा तेथें ठेविला कीं तेल मोकळें फिरतें, आणि बकेट केवळ स्वतःच्या वजनानें जमिनीवर पडून तिच्या चढउताराप्रमाणें वरखालीं होते. सिमेंटवर किंवा गोठलेल्या वाटेवर हेंच करावें. बकेटीचा तळ जमिनीस समांतर असावा. नाक खालीं घातलें तर ती खणूं लागते, आणि एखादा गोठलेला दगड आडवा आला तर धक्का पात्यापासून बाहूंपर्यंत जातो. कडक थंडींत साधें पोलादहि ठिसूळ होतें हें ध्यानांत ठेवावें. बकेट पुढें पूर्ण उलटी करून ट्रॅक्टर मागें घेत ओढूं नये. तिचे उघडे पडलेले दंड वाकतात. वेग माणूस भरभर चालेल एवढा पुरे.

“आणि कान उघडे ठेवा,” असेंहि त्यानें सांगितलें. नुसता बर्फ कापतांना बकेट सुस्कारा टाकते, खडीवर गेली कीं दळल्यासारखी वाजते, आणि दगडास लागली कीं टणत्कार होतो. गाळाच्या पाण्यांत तळ दिसत नाहीं, तेथें तो असाच कानानें काम करतो.

खडीच्या वाटेची मात्र एक निराळी अडचण आहे, आणि तिथें आमच्या पुतण्याचें ज्ञान तोकडें पडलें. जमीन गोठण्यापूर्वीं बकेट फ्लोटवर सोडली तर ती बर्फाबरोबर खडीहि खरवडून नेते. वसंतांत सर्व खडी गवतांत आणि वाट चिखलांत. तिकडील शेजाऱ्यांनीं जांवईबापूंस दोन उपाय सांगितले. एक, पहिले दोन बर्फ पडतील तेव्हां तळाचा दोन-एक इंच थर तसाच सोडावा. तो दबून गोठतो आणि वाटेचें कवच होतो. दुसरा उपाय असा कीं बकेटीच्या रुंदीएवढा एक लोखंडी नळ घ्यावा, त्यास लांबीनें एका बाजूस चीर पाडावी, आणि ती चीर ओठावर चढवून नळ पक्का बांधावा. मग धारेऐवजीं नळाची गोलाई खडीवरून सरकते, खणत नाहीं, आणि झिजतो तो नळ. प्लॅस्टिकचा नळ घेऊं नये. थंडींत तो कांचेसारखा फुटतो. हें ऐकून पुतण्या इतका खूष झाला कीं त्यानें लगेच कागदावर आकृति काढली. कांहीं लोक बकेटीच्या दोन्ही बाजूंस लोखंडी पादुका बसवून कांठ अर्धा इंच अधर ठेवतात; तोहि तोच विचार. रबराचीं पातीं मिळतात. फरशीवर ओरखडा पडूं नये म्हणून तीं चांगलीं, परंतु गोठलेल्या थरावरून तीं नुसतीं घसरतात. जांवईबापूंच्या मोटारघरापुढें थोडें सिमेंट आहे, तेवढ्यासाठीं रबर घेण्याचा त्यांचा विचार कन्येनेंच हाणून पाडला.

बर्फ पडण्यापूर्वींची तयारी हीं अर्ध्या कामाचीं कामें आहेत: वाटेवरून पायीं फिरून मोठे दगड वेंचावेत, कडेला उंच खुंट्या रोवाव्यात, झांकणें वगैरे वर आलेलीं असतील तेथें खूण करावी. बर्फाखालीं सर्व जमीन सारखीच दिसते.

ह्याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. तो सीमा सडक संघटनेंत नोकरी करून निवृत्त झाला. ही संघटना ७ मे १९६० रोजीं स्थापन झाली. तिच्या दलाचें केंद्र आपल्या पुण्याजवळ दिघीस आहे. रोहतांगच्या घाटांत, तेरा हजार फुटांवर, त्यानें बुलडोझर चालविला आहे. २०२० सालीं अटल बोगदा खुला होण्यापूर्वीं तीच मनालीहून लाहौलांत जाण्याची वाट होती आणि दर वसंतांत ती बर्फांतून कोरून काढावी लागे. तो म्हणाला कीं पातें खातात ते कड्यावरून बर्फाबरोबर आलेले दगड. आणि तेथें पातें मोडलें तर दुसरें खालून वर येईपर्यंत पलीकडचीं गांवें वाट पाहतात. म्हणून जादा पातें आणि बोल्ट यंत्राबरोबरच ठेवीत. पुतण्यानें जांवईबापूंस तेंहि कळविलें.

माघांत पातें आलें. बसवितांना पुतण्यास दाखवावें म्हणून जांवईबापूंनीं फोन एका खोक्यावर ठेविला. त्यांनीं बकेट वर उचलली आणि नट आंवळण्यासाठीं तिच्याखालीं उताणे पडले. आम्ही चहा घेत होतों. पुतण्या एकदम ओरडला, “भाऊजी, आधीं बाहेर या! बाहेर या म्हणतों ना!” घरांत त्या मुलाचा आवाज एवढा चढलेला मीं कधीं ऐकला नव्हता, तोहि थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर. जांवईबापू सरपटत बाहेर आले, थोडे रागावलेले. उचललेली बकेट केवळ तेलाच्या दाबावर उभी असते. एक नळी फुटली, कोणा मुलाचा हात दांड्यास लागला, कीं ती क्षणांत खालीं येते. दोन जाड लांकडी ठोकळे ठेवून त्यांवर ती पूर्ण टेकवावी, इंजिन बंद करावें, दांडा हलवून उरलेला दाब सोडून द्यावा, आणि मगच हात घालावा. पडद्याच्या कडेला माझी मुलगी उभी होती, कडेवर तोच धाकटा नातू. ती कांहीं बोलली नाहीं. ती आंत गेली आणि लांकडाचे दोन ठोकळे ओढीत घेऊन आली.

पातें बसलें. त्या हंगामांत वाट एकदांहि बंद राहिली नाहीं असें ती सांगते.

चैत्राच्या शेवटीं पुतण्या नदीवर कामास लागला होता. मी त्याचा डबा घेऊन गेलों होतों. हल्लीं तें काम मीं आत्याकडून मागून घेतलें आहे. पुलाखालीं यंत्र उभें, चालक पात्याचे नट सैल करीत होता आणि बकेट दोन ठोकळ्यांवर टेकलेली. तेवढ्यांत जांवईबापूंचा फोन आला. तिकडे बर्फ सरला होता. त्यांनीं पात्याची जाडी व रुंदी मोजून सांगितली, आणि विचारलें कीं धार अजून बोटभर शिल्लक आहे, तेव्हां आतां उलटूं कीं पुढच्या हिंवाळ्याच्या तोंडाशीं?

“आतांच,” पुतण्या म्हणाला. “मीठ धुवून काढा, बोल्टांना तेल द्या आणि आतांच उलटा. मार्गशीर्षांत ते नट सुटणार नाहींत.” मग त्यानें फोन माझ्या हातांत दिला आणि पान्हा घेऊन तो खालीं उतरला.